धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ : एका देशत्यागी आचार्याचे आत्मवृत्त

१

जुन्या पोथ्यांचा व्यासंग असणाऱ्यास पोथी हाती येताच आधी शेवटचे पान पाहण्याची सवय जडलेली असते. ग्रंथ कोणता हे आरंभीच्या मंगलाचरणावरून कळते. परंतु ती प्रत कोणी, कोठे, कोणत्या शकात आणि कोणाच्या पठनार्थ लिहिली, हे पुष्पिकेवाचून कळत नाही. पुष्पिका गळालेली पोथी वाचता येते, अर्थही लागतो. तथापि इतिहासाच्या दृष्टीने ती निराधारच राहते. छापील ग्रंथांचीही गोष्ट याहून निराळी नाही. मुखपृष्ठावर नाव, स्थळ व साल असते खरे. परंतु ती विद्या संपादकापर्यंत कोणत्या मार्गाने आली, तिच्यासाठी कोणी काय वेचले, कोणाचा हात त्या कामास लागला आणि कोणाचे नाव मागे राहिले, याचा उलगडा मुखपृष्ठ करीत नाही. तो एखाद्या प्रांजळ आत्मवृत्तातूनच व्हावयाचा.

आचार्य धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे ‘निवेदन’ हे अशा प्रकारचे आत्मवृत्त होय. ते प्रथम गोव्यातील ‘भारत’ या मराठी पत्रातून क्रमशः आले आणि १९२४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. साहित्याच्या इतिहासकारांनी त्यास उत्तम आत्मचरित्रांत स्थान दिले आहे व भाविकांनी ते त्यागाची कथा म्हणून वाचले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू निराळा आहे. महाराष्ट्रात पाली भाषेचे अध्ययन कसे रुजले, याचे साधन म्हणून या ग्रंथाचे मोल किती, तो कोठवर प्रमाण धरावा आणि त्यास दुसऱ्या कोणत्या पुराव्याची जोड द्यावी, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार यवतमाळात बसून करण्यास थोडे कारणही आहे. येथील शारदाश्रम व त्याचे आधारस्तंभ य. खु. देशपांडे यांच्या परिश्रमाने महानुभावांच्या पोथ्या अभ्यासकांपुढे आल्या. या पंथाचे पुष्कळ वाङ्मय सकळादी सांकेतिक लिप्यांत लिहिलेले असल्यामुळे ते मराठीच असूनही शतकानुशतके मराठी वाचकास परके राहिले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उकलली तेव्हा ते दार उघडले. पाली त्रिपिटकाची अवस्था त्या काळी अशीच होती. भाषा संस्कृतच्या सख्ख्या नात्यातली, उपदेश याच भूमीत झालेला. परंतु ग्रंथ सिंहली, ब्रह्मदेशी व सयामी लिप्यांत, अथवा १८८१ साली लंडनात स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या रोमन अक्षरांत. नागरी वाचणाऱ्या शास्त्र्यास आपल्याच देशाचा हा ठेवा बंद होता. ते कुलूप उघडण्यासाठी ज्याने पायपीट केली त्याची हकीकत ‘निवेदना’त आहे.

२

देशत्याग अनेक कारणांनी घडतो. राजकीय कारणाने देश सोडणाऱ्यांत आमच्या शेजारच्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव प्रसिद्ध आहे. इंग्रज सरकारच्या रोषामुळे त्यांस स्वदेशी परतता येईना, म्हणून ते मेक्सिकोत जाऊन राहिले व तेथे कृषिविद्येचे अध्यापक झाले. कोसंबी यांस कोणी हद्दपार केले नव्हते. त्यांचा देशत्याग विद्येसाठी व स्वेच्छेने होता. परंतु तो स्वेच्छेचा होता म्हणून सुखाचा होता असे मात्र मुळीच नव्हे.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अंमलाखाली होता व १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तसाच राहिला. घरची भाषा कोकणी, शिक्षण गावच्या मराठी शाळेतले व तेही अपुरे, आणि पुढे माडांच्या बागायतीची देखरेख. येणेप्रमाणे विशी उलटलेल्या या तरुणाच्या हाती १८९७ साली ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकाचा अंक पडला आणि त्यातील बुद्धचरित्राने त्याचे चित्त वेधले. अमेरिकन मिशनने चालविलेल्या ख्रिस्ती मासिकातील एका लहानशा लेखाने पुढे बौद्ध विद्येचा एवढा मोठा आचार्य घडावा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. छापील कागदाचा तुकडा कोणाच्या हाती जाऊन काय करील याचा नेम नसतो. जुन्या मासिकांचे सुटे अंक रद्दीत घालणाऱ्यांनी याचा विचार करावा.

१८९९ साली वडिलांचे निधन झाले व त्याच वर्षाच्या डिसेंबरात धर्मानंदांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी होती. पुण्यास येऊन त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेतली. संस्कृतचा पाया पक्का झाल्यावाचून बौद्ध ग्रंथांत गती होणार नाही हे ओळखून ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवून व्याकरणाचा अभ्यास चालला. काशीच्या विद्यार्थ्याचे हे जिणे आमच्या पिढीपर्यंतच्या शास्त्र्यांस ऐकून ठाऊक आहे. परंतु त्यातील दैन्य लाज न बाळगता व फुशारकीही न मारता लिहून ठेवणारे थोडे.

१९०२ च्या आरंभी ते नेपाळात गेले. बुद्धाची जन्मभूमी त्या बाजूस, तेव्हा त्याचा धर्मही तेथे जिवंत असेल अशी आशा होती. तेथील बौद्धधर्माची स्थिती पाहून ती मावळली. तेथून बुद्धगया, मग कलकत्ता आणि महाबोधी सभेच्या साहाय्याने सिंहलद्वीप, असा मार्ग त्यांनी आक्रमिला. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांच्या पालीच्या अध्ययनास आरंभ झाला व त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. तेथील आहार प्रकृतीस मानवेना म्हणून ते मद्रासेस आले. पुढे ब्रह्मदेशात गेले, मधल्या काळात कुशिनारादी तीर्थांची यात्रा केली, पुन्हा ब्रह्मदेशात जाऊन भिक्षू म्हणून राहिले व ध्यानमार्गाचा अभ्यास केला.

ही सहा-सात वर्षांची भ्रमंती नकाशावर मांडली तर एक गोष्ट ध्यानात येते. संस्कृत काशीस, पाली सिंहलद्वीपात आणि ध्यानपरंपरा ब्रह्मदेशात, अशी ही विद्या तीन ठिकाणी विखुरली होती. तिन्ही ठिकाणे जोडणारा कोणताही अभ्यासक्रम कोणत्याही विश्वविद्यालयात नव्हता. तो अभ्यासक्रम या मनुष्याने आपल्या पायांनी रचला.

३

१९०६ साली कोसंबी कलकत्त्यास परतले. चीवर उतरून ठेवल्यावर अध्यापकाचे आयुष्य सुरू झाले. बंगालच्या फाळणीनंतरच्या चळवळीतून निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात ते पाली शिकवू लागले. बहुभाषाकोविद हरिनाथ दे यांचा स्नेह जडला व सर आशुतोष मुकर्जी यांच्या कलकत्ता विश्वविद्यालयातही त्यांस अध्यापनाचे काम मिळाले. एकही पदवी नसलेला मनुष्य विश्वविद्यालयात पदवीधरांस शिकवू लागला, ही गोष्ट त्या काळीही असाधारणच होती. तुटलेला संसारही याच सुमारास पुन्हा जुळला. १९०७ साली झालेला त्यांचा पुत्र दामोदर हा पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाला, हे वाचकांस विदितच आहे.

कलकत्त्यास मान होता व वेतनही बरे मिळण्याजोगे होते. तथापि ही विद्या महाराष्ट्रात न्यावी, हा ध्यास त्यांस स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांस दरमहा ५० रुपये देण्याचे कबूल केले. अट एवढीच की, महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहून अभ्यास चालवावा व वर्षास एक ग्रंथ लिहावा. कोसंबी यांनी कलकत्त्याची अधिक प्राप्ती सोडून हे ५० रुपये पत्करले. बडोद्यास दिलेल्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे लहानसे पुस्तक १९१० साली बाहेर आले. मूळ पाली ग्रंथ स्वतः वाचून मराठीत लिहिलेले बुद्धधर्माचे पुस्तक म्हणून त्याची योग्यता आकाराहून मोठी आहे.

मुंबई विश्वविद्यालयात पालीस स्थान मिळवून देण्याच्या कामी भांडारकर व कोसंबी या दोघांचेही प्रयत्न खर्ची पडले. पुढे १९१२ ते १९१८ या काळात कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापक होते. पु. वि. बापट, ना. के. भागवत व चिं. वि. राजवाडे हे त्यांचे शिष्य. यांपैकी भागवतांनी मुंबई विश्वविद्यालयाच्या मालेत पाली ग्रंथ नागरी अक्षरांत छापले. बापटांनी ‘विमुत्तिमग्ग’ व ‘विसुद्धिमग्ग’ या दोन ग्रंथांची तुलना करून तो प्रबंध १९३७ साली पुण्यास प्रसिद्ध केला व १९५६ साली बुद्धपरिनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त निघालेल्या सरकारी ग्रंथाचे संपादन केले. अध्यापकाचे खरे ग्रंथ म्हणजे त्याचे शिष्य, असे आपल्याकडे मानतात; त्या दृष्टीने फर्ग्युसनमधील ही सहा वर्षे कोसंबी यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी होत.

येथे ‘निवेदना’ची उपयुक्तता नेमकी कळून येते. विश्वविद्यालयाच्या कागदपत्रांत पाली हा विषय कोणत्या साली लागू झाला एवढे मिळेल. परंतु त्या ठरावाच्या मागे काशीचे अन्नछत्र होते, कोलंबोचे विद्यालय होते, बडोद्याचे ५० रुपये होते आणि कलकत्त्याची नाकारलेली जागा होती, हे त्या कागदांत कोठेही उमटलेले नाही.

४

आता ज्या प्रकरणामुळे मुखपृष्ठ व पुष्पिका यांतील भेद ठळक होतो, त्याकडे वळू. बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा थेरवादी बौद्धांच्या शील, समाधी व प्रज्ञा या तीन अंगांचा पाचव्या शतकातील महाग्रंथ होय. अमेरिकेतील हार्वर्ड विश्वविद्यालयाचे हेन्री क्लार्क वॉरन यांनी त्याच्या संशोधित आवृत्तीचे काम हाती घेतले होते. १८९६ साली त्यांचे पाली वेच्यांच्या भाषांतराचे पुस्तक हार्वर्ड ओरिएंटल सीरीज या मालेत निघाले. परंतु १८९९ च्या जानेवारीत ते वारले व ‘विसुद्धिमग्गा’चे काम अर्धवट राहिले. मालेचे मुख्य संपादक चार्ल्स लॅनमन हे संस्कृतचे नामांकित पंडित. परंतु हे काम पुरे करण्यास सिंहली व ब्रह्मदेशी लिप्यांतील प्रती सहज वाचणारा आणि विहारातील परंपरेत ग्रंथ शिकलेला मनुष्य हवा होता. योगसूत्रांचे अभ्यासक जेम्स हॉटन वुड्स यांच्या द्वारे कोसंबी यांस बोलावणे आले व १९१० साली ते अमेरिकेस गेले.

काम उत्साहाने चालले. परंतु ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून कोणाचे नाव कशा रीतीने यावे, यावरून लॅनमन यांच्याशी मतभेद झाला व १९१२ साली कोसंबी परत आले. बाहेरच्या मनुष्यास हा वाद क्षुल्लक वाटेल. पण पोथ्यांच्या संशोधनात आयुष्य घालविलेल्यांस तो तसा वाटणार नाही. पाठभेद लावणे म्हणजे नकलनविशी नव्हे. एकेका अक्षरापाशी थांबून, दोन परंपरांच्या प्रती समोर ठेवून, शुद्ध पाठ कोणता व तो का, याचा निर्णय जो करतो तोच संपादक. अशा मनुष्यास केवळ साहाय्यक म्हणून खाली बसविणे म्हणजे त्या निर्णयांचे स्वामित्व दुसऱ्यास देणे होय. एतद्देशीय शास्त्र्याने पाठ लावावा, अर्थ सांगावा, आणि ग्रंथ मात्र परदेशी पंडिताच्या नावाने निघावा, असे एकोणिसाव्या शतकात पुष्कळदा घडले आहे. त्या रीतीस नम्रपणे पण ठामपणे नकार देणाऱ्यांत कोसंबी यांची गणना केली पाहिजे. लॅनमन यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, दिवंगत मित्राच्या श्रमाचे श्रेय अबाधित राहावे ही त्यांची इच्छा अनुचित नव्हती. मात्र एकाचे श्रेय राखण्यासाठी दुसऱ्याचे झाकावे लागते, असा नियम नाही.

वुड्स यांचा स्नेह टिकून होता. कोसंबी १९१८ साली पुन्हा हार्वर्डास गेले व १९२२ पर्यंत तेथे राहिले. नंतर १९२६–२७ व १९३१–३२ असे आणखी दोन वेळ जाऊन आले. दरम्यान १९२०–२१ साली पाली टेक्स्ट सोसायटीने श्रीमती ऱ्हिस डेव्हिड्स यांनी संपादिलेला ‘विसुद्धिमग्ग’ रोमन लिपीत छापून टाकला. अखेर १९४० साली कोसंबी यांनी मुंबईच्या भारतीय विद्याभवनाकडून आपली नागरी आवृत्ती प्रसिद्ध केली व १९४३ साली तिला ‘दीपिका’ या पाली टीकेची जोड दिली. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० साली, मालेचा ४१ वा ग्रंथ म्हणून. मुखपृष्ठावर वॉरन हे संपादक व कोसंबी हे संशोधक, अशी दोन्ही नावे आहेत. वाद उभा राहिला त्यास तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षे होऊन गेली होती. लॅनमन १९४१ साली व कोसंबी १९४७ साली निवर्तले होते; वुड्स तर त्याही आधी, १९३५ साली. ज्या पानावरील ओळीसाठी इतका काळ गेला ते पान छापलेले पाहण्यास तिघांपैकी कोणीही उरला नव्हता.

१९४० ची व १९५० ची, अशा या दोन आवृत्ती संग्राहकांनी शेजारी शेजारी ठेवाव्या. ग्रंथ एक, श्रम पुष्कळ अंशी एकाचे. परंतु मुखपृष्ठे दोन गोष्टी सांगतात. या दोहोंतील अंतर कसे पडले, हे त्या माणसाच्या आयुष्याचा वृत्तांत हाती असल्यावाचून उमगत नाही.

५

पुष्पिकेचे मोल कोसंबी स्वतः किती जाणत होते, याची दोन उदाहरणे देतो. बुद्धघोष हे मगधदेशीचे ब्राह्मण होते अशी सिंहली इतिहासपरंपरेची कथा आहे. कोसंबी यांनी ग्रंथाच्या शेवटच्या निगमनातील मोरण्डखेटक या ग्रामनामाकडे लक्ष वेधले, ग्रंथातील अंतर्गत पुरावा तपासला व बुद्धघोष हे दक्षिणेतील तेलगू प्रांताचे असावे, ब्राह्मणही नसावे, असे अनुमान काढले. वैदिक गोष्टींविषयी त्यांचे ज्ञान तोकडे आणि शेतीच्या गोष्टींचे मात्र बारीक, हे त्यांच्या अनुमानाचे एक कारण होते. सर्व विद्वानांनी हे मत मान्य केले असे नव्हे. पण पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या कथेपेक्षा ग्रंथाच्या अखेरच्या दोन ओळी अधिक बोलक्या असू शकतात, ही दृष्टी खऱ्या पोथीसंशोधकाची आहे.

दुसरे उदाहरण अशोकाच्या भाब्रू येथील लेखाचे. त्या लेखात राजाने भिक्षू व उपासक यांनी वारंवार ऐकावेत असे सात धर्मपर्याय सांगितले आहेत. ते त्रिपिटकात कोठे सापडतात, याविषयी युरोपीय पंडितांत वाद होता. १९१२ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त कोसंबी यांनी त्यांचा ताळा जुळविला. मुनिगाथा म्हणजे मुनिसुत्त, मोनेयसुत्त म्हणजे नालकसुत्त आणि उपतिसपसिन म्हणजे सारिपुत्तसुत्त, अशी तीन स्थळे त्यांनी एकट्या सुत्तनिपातात दाखविली. शिलालेखाचे अक्षर व विहारात मुखोद्गत केलेला पाठ या दोहोंची अशी गाठ घालणे, केवळ ग्रंथालयात बसून शिकलेल्यास कठीण होते.

अशा चिकित्सक लेखकाच्या आत्मवृत्तास तीच चिकित्सा लावणे उचित होय. ‘निवेदना’चे बळ त्याच्या साधेपणात आहे. कोणी जागा दिली, कोठे जेवण मिळाले, कोणाच्या मदतीने पुढची मजल गाठली, मन कोठे खचले, हे लेखक सांगतो व आपल्या दौर्बल्यावर पांघरूण घालीत नाही. जो आपल्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी आपण होऊन सांगतो त्याची साक्ष इतर बाबतींतही अधिक विश्वसनीय ठरते, हा न्याय सर्वमान्य आहे.

तथापि त्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली, हा वृत्तांत घटनेच्या दिवशी टिपलेली रोजनिशी नव्हे. पुष्कळसा भाग काही वर्षांनी स्मरणाने लिहिलेला आहे. दुसरी, ग्रंथ १९२४ चा असल्याने पुढील तेवीस वर्षे त्यात येणे शक्यच नाही. लेनिनग्राड येथील अध्यापन, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातील भाग व कारावास, मुंबईस परळ येथे कामकरी वस्तीत उघडलेला बहुजनविहार, ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ (१९३५) व ‘भगवान बुद्ध’ हे ग्रंथ, हा सारा उत्तरकाल अन्य साधनांवरून जुळवावा लागतो. तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. घर सोडणाऱ्याची कथा घर सोडणारा सांगत आहे. तान्ही मुलगी घेऊन मागे राहिलेल्या, पुढेही पती व वडील मुले परदेशी असता धाकट्या मुलींसह या देशी दिवस काढणाऱ्या बाळाबाईंचे निवेदन मात्र आपल्यापाशी नाही. विद्येच्या ताळेबंदात त्यांच्या नावे जमा करावयाची रक्कम लहान नाही, आणि ती कोणत्याही मुखपृष्ठावर नाही.

या उणिवा भरून काढण्याचे बरेच काम आचार्यांची नात व समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी केले. त्यांनी आजोबांचे निवडक लेखन २०१० साली व ‘निवेदना’चा इंग्रजी अनुवाद २०११ साली प्रसिद्ध केला. त्यामुळे मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांसही हे साधन उपलब्ध झाले. मूळ ज्यांच्या भाषेत आहे त्या आपण त्याकडे अधिक बारकाईने पाहावे, हे वेगळे सांगणे नलगे.

६

कोसंबी यांच्या आयुष्याची अखेर आमच्या शेजारी झाली. वर्धा नदीच्या पलीकडे सेवाग्राम आश्रमात, सुमारे एक महिन्याच्या उपोषणानंतर, ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. शरीर कामाचे उरले नाही असे वाटल्यावर आहार सोडून शांतपणे मरण पत्करावे, ही जैनांच्या सल्लेखनेसारखी वृत्ती त्यांनी स्वीकारली होती. पूर्वी एकदा आरंभिलेले असे उपोषण त्यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून सोडले होते. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माविषयीचे त्यांचे पुस्तक त्यांच्या मागून, १९४९ साली, प्रसिद्ध झाले. साखवाळच्या माडांच्या बागेतून निघालेला हा प्रवासी वाटेतील बंदरे मोजीत बसला नाही. जेथे विद्या तेथे घर, असे मानून चालला आणि शेवटी वऱ्हाडच्या वेशीपाशी विसावला.

त्यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्धधर्माची दीक्षा घेतली. यवतमाळ जिल्ह्याच्या गावोगावी आज विहार आहेत व त्यांत पालीतून त्रिशरण म्हटले जाते. सिद्धार्थाने गृहत्याग केला तो रोगी, वृद्ध व प्रेत पाहून नव्हे, तर शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात शस्त्र धरण्याचे नाकारून, ही उपपत्ती कोसंबी यांनी मांडली होती. आंबेडकरांच्या १९५७ सालच्या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण हेच दिले आहे. गृहत्याग ज्याने स्वतः केला त्यास बुद्धाच्या गृहत्यागाचे प्रचलित कारण पटेना व त्याने मूळ ग्रंथ उलगडून दुसरे शोधले, ही गोष्ट मार्मिक आहे. नागरी लिपीतील संपूर्ण पाली त्रिपिटकही १९५६ पासून नालंदा येथून भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली निघू लागले. ज्या कुलपापाशी १९०० साली एकटा मनुष्य उभा होता त्याचे दार येणेप्रमाणे सर्वांस उघडले.

पोथीसंग्राहकांस शेवटी एवढीच विनंती आहे. आपण तालपत्रे, जुने कागद, सनदा व बखरी जपतो ते योग्यच आहे. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ज्या शास्त्र्यांनी, पंतोजींनी, अध्यापकांनी ही विद्या पुढे नेली त्यांच्या रोजनिश्या, खर्चाच्या वह्या, विद्यार्थ्यांस पाठविलेली पत्रे, अर्धवट आठवणी घराघरांच्या माळ्यांवर वाळवीच्या मुखी पडत आहेत. त्यांतील प्रत्येक ‘निवेदना’च्या योग्यतेची असेल असे नव्हे. पण अमुक पोथी कोणी आणली, अमुक पाठ कोणी लावला, अमुक विद्यार्थ्यास कोणी जेवू घातले, हे सांगणारी एखादी ओळ त्यांत निश्चित असते. त्याचप्रमाणे त्या घरांतील स्त्रियांनी लिहिलेले चार कागद मिळाले तर ते आधी उचलावेत. कारण त्या बाजूची साक्ष फार थोडी उरली आहे. पोथीबरोबर हे दफ्तरही नोंदवहीत चढावे, त्यावर दात्याचे नाव, गाव व मिळाल्याची तिथी लिहावी, आणि ज्याने ते वाचून लावले त्याचेही नाव तेथे स्पष्ट अक्षरांत घालावे.